पोर झोपलं की परत आणावं

बाळंतीण बघायला येणारी माणसं दोनच प्रकारची असतात, अशी पुणं सोडेपर्यंत माझी समजूत होती. एक, बाळाचं नाक कुणावर गेलंय ते ठणकावून सांगणारी, आणि दुसरी, "दूध पुरतं का गं?" असं चारचौघांत विचारणारी. तिसरा प्रकार मला बंगळुरात भेटला. चामराजपेटेतल्या आमच्या भाड्याच्या घराचा जिना चढून तुंगाअक्का वर आल्या, पाळण्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि दुकानात कापडाचं ठाण उलगडून बघावं तसं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "कपडा चांगला आहे. धुऊन धुऊन रंग गेलाय."

मुक्ता तेव्हा अकरा आठवड्यांची होती. पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमानं ती पुण्यात जन्मली, तिथं दोन महिने माझे शेकशेगडी, डिंकाचे लाडू आणि कौतुक असे सगळे सोपस्कार झाले, आणि मग नियम संपल्यामुळे माझी बंगळूरला रवानगी झाली. माझा नवरा सुहास इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत असे. सकाळी सातला कंपनीची बस त्याला घेऊन जाई आणि संध्याकाळी उशिरा आणून सोडी. मदतीला म्हणून सासूबाई पंधरा दिवस आल्या होत्या. मदत म्हणजे, खुर्चीत बसून त्या मला सांगत की त्यांच्या वेळी त्यांना कुणाचीही मदत नव्हती.

तुंगाअक्का म्हणजे आमचे घरमालक विठ्ठलअण्णा यांची थोरली बहीण. खालच्या मजल्यावर हे बहीणभाऊ दोघंच राहत. अण्णा विधुर होते, मुलगा परगावी असे आणि अक्कांनी लग्नच केलेलं नव्हतं. त्यांचे पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात बोलत ती मराठीच, पण इतकी वर्षं कानडीच्या शेजारात नांदलेली मराठी. आम्ही पडलो पुण्याचे, म्हणजे भाषेचा जन्म आमच्याच माजघरातला. सासूबाईंना अक्कांची फार कीव आली.

"तुमची मराठी जरा वेगळीच आहे, नाही?" त्या गोड आवाजात म्हणाल्या.

"होय की," अक्का म्हणाल्या. "तुमची फार छान आहे. स्वल्प कमी बोललात तर अजून छान वाटेल."

स्वल्प म्हणजे थोडंसं, हे सासूबाईंना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पुढचे तीन दिवस त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत. माझ्या बाळंतपणातले ते सर्वांत सुखाचे तीन दिवस होते.

जाताना अक्कांनी पिशवीतून एक जाडजूड वस्तू काढून माझ्या मांडीवर ठेवली. ते सूटिंगचं सॅम्पल बुक होतं. अण्णांचं चिकपेटेत कापडाचं होलसेल दुकान होतं, तिथं गिरण्यांकडून दर हंगामाला अशी बुकं येत. जाड पांढुरक्या पुठ्ठ्यांवर नागमोडी कडांचे कापडाचे तुकडे चिकटवलेले आणि खाली नंबर. हंगाम संपला की बुक रद्दीत जाई. हे मात्र अक्कांकडे गेलं होतं. वरच्या पुठ्ठ्यावर कानडीत आणि मराठीत लिहिलं होतं, 'मोठ्या माणसांसाठी. मुलांच्या हाती देऊ नये. खातात.'

आत चित्रं होती. कापडाचा तुकडा जिथं चिकटलेला तिथंच ठेवायचा आणि त्याच्याभोवती चित्र काढायचं, ही अक्कांची पद्धत. राखाडी टेरिकॉटचा तुकडा असला की त्याची विजार होऊन वर बाबा उगवे. पहिल्याच पानावर असा एक बाबा पाळण्यासमोर कमरेत वाकून हातात अर्ज घेऊन उभा होता, पाळण्यातून फक्त एक मूठ वर आली होती, आणि खाली ओळ होती, 'अर्ज मिळाला. विचार चालू आहे.' पुढच्या पानावर सात नातेवाईक पाळण्यात डोकावून नाकावरून भांडत होते आणि बाळ म्हणत होतं, 'नाक माझं आहे.' एका पानावर आई ओट्याशी उभ्यानं पोळीचा तुकडा तोंडात कोंबत होती, भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले होते आणि खाली लिहिलं होतं, 'नाश्ता.' एका पानावर सासू होती. तिच्या तोंडातून निघालेला 'आमच्या वेळी' असा फुगा त्या पानात मावत नव्हता, तो पुढच्या पानावर गेला, तिथंही मावला नाही, आणि तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात त्या फुग्याखाली दबलेल्या सुनेचे नुसते पाय दिसत होते.

पानोपानी बाबाचं कापड बदले, आजीचं बदले, पाहुण्यांचं तर उंची असे. आईच्या अंगावर मात्र पहिल्या पानापासून शेवटापर्यंत एकच फुलाफुलांचा गाऊन होता आणि त्यावर खरोखरीचे हळदीचे, वरणाचे आणि औषधाचे डाग अक्कांनी पाडले होते. मी माझ्या गाऊनकडे पाहिलं. तोही फुलाफुलांचाच होता. मी इतक्या मोठ्यानं हसले की मुक्ता दचकून उठली, आणि मग आम्ही दोघीही रडलो.

अक्कांनी तीस वर्षं मुलींच्या एका कानडी शाळेत ड्रॉइंग शिकवलं होतं. म्हणजे तीस वर्षं त्यांनी मुलींकडून फुलदाणी काढून घेतली. पुस्तकाची सुरुवात कशी झाली ते त्या अगदी सहज सांगत. अण्णांना मुलगा झाला तेव्हा कुणीतरी वहिनीला परदेशी पुस्तक भेट दिलं होतं, गुळगुळीत कागदाचं, गुलाबी गालांच्या आईचं. आई हसतेय, बाळ हसतंय, पडदासुद्धा हसतोय. चौथ्या दिवशी वहिनीनं ते भिंतीवर फेकून मारलं. "नेम चांगला होता तिचा," अक्का म्हणत. "मी ते उचललं, बघितलं, आणि म्हटलं, हिचं चुकलं नाही."

"पण अक्का, लहान मुलांची पुस्तकं काढायची सोडून हे आईबापांचं कशाला?" मी एकदा विचारलं.

"लहान मुलाला पुस्तक कशाला हवं? ते मजेत असतंय की. त्याला सगळं घर हातात मिळालंय."

एका पानावर एकच ओळ, यावर त्यांचा कटाक्ष होता. थकलेल्या माणसाला दोन ओळी झेपत नाहीत, दुसरीवर येईतो तो पहिली विसरतो, असं त्यांचं म्हणणं. आतल्या बाजूला पत्ता होता आणि पत्त्याखाली दोन्ही भाषांत नियम: 'पोर रात्रभर झोपलं की परत आणावं. येताना स्वतःचं एक पान भरून आणावं. खोटं पान चालणार नाही.' वीस वर्षं हे एकच पुस्तक गल्लीतल्या पाळण्यांमागे फिरत होतं. अक्कांची पानं पुढे, घराघरांची मागे. तमिळ घरातलं पान होतं, मारवाडी घरातलं होतं, एक पान तर तिळ्यांच्या बापाचं होतं, त्यावर फक्त आडवा पडलेला माणूस होता आणि ओळच नव्हती. तो त्याच्यापुढे जाऊ शकला नसावा.

खोटं पान चालणार नाही, म्हणजे खरोखरच चालत नसे. गल्लीच्या तोंडाशी बँकेतले एक साहेब राहत. मुलगा झोपायला लागल्यावर ते पान भरून घेऊन आले. डोंगरामागून सूर्य उगवतोय आणि आई-बाबा-बाळ हात धरून उभे आहेत. अक्का म्हणाल्या, "हे कॅलेंडर झालं. खिळ्याला लावा." साहेब आठ दिवसांनी गुलाबाची बाग घेऊन आले. तीही परत गेली. तिसऱ्या खेपेला ते बायकोला घेऊन आले आणि मान खाली घालून पान पुढे केलं. न्हाणीघराचं बंद दार, आत उपड्या बादलीवर बसून साहेब वर्तमानपत्र वाचतायत, आणि खाली ओळ, 'रोज पाऊण तास.' बायको ते पान पहिल्यांदाच बघत होती. ती कडाडली, "आणि मी बाई दोन महिने तुम्हाला पोटाचं औषध पाजतेय!" अक्कांनी शांतपणे पान पुस्तकात बसवलं. हे खरं होतं.

एकदा एका प्रकाशकाचा माणूसही येऊन गेला. पुस्तक त्याला फारच आवडलं. फक्त आईला जरा हसती करा, गाऊनऐवजी साडी नेसवा आणि शेवटी काहीतरी संदेश द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. म्हणजे कोंबडीला फक्त गाय करा. "थकलेली आई कोण विकत घेणार, मॅडम?"

"थकलेलीच आई घेणार की," अक्का म्हणाल्या. "हसतीला पुस्तक कशाला? ती हसतेच आहे."

तो विचार करून कळवतो म्हणाला, आपल्या कडबोळ्यांसारखी चार कोडबळी खाऊन गेला आणि त्याचा विचार अजून चालू असावा. तेव्हा पुस्तकाची प्रत होती ती एकच, आणि दुसरी होण्याची शक्यता नव्हती. अक्कांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. कॉफीचा पेला त्या दोन्ही हातांनी धरत. रेघ मारणं बंद झालं होतं. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि कुणी बोललं की विचारणाऱ्याच्या तब्येतीची चौकशी करत.

माझ्याकडे पुस्तक आलं तेव्हा त्यात एकच कोरा पुठ्ठा उरला होता. मुक्ता झोपायचं नाव घेत नव्हती, पण म्हटलं पान तरी तयार ठेवू. मी पुण्याची असल्यामुळे माझं पहिलं पान फार सुसंस्कृत होतं. वेगळ्या कागदावर कच्चं काढून नेलं: झाडाखाली आई वाचतेय, मांडीवर बाळ ऐकतंय. अक्का म्हणाल्या, "झाड कुठून आलं? आपल्याकडे झाड नाही." मग मी दहा हातांची आई काढली, प्रत्येक हातात एक काम. त्यांनी सगळे हात मोजून पाहिले.

"हे खोटं नाही. पण उसनं आहे. दहा हात सगळ्याच काढतात. तुझं आण."

"माझं म्हणजे?"

"ते तुला माहीत असणार. घाई नाही. एकच पुठ्ठा उरलाय, तो तुझा." असं म्हणताना त्या जिन्याकडे बघत होत्या. मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

आता माझ्या नवऱ्याकडे वळायला हवं. इलाज नाही. जगातला कुठलाही प्रश्न कॉम्प्युटरमध्ये घातला की सुटतो, अशी त्या काळात इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मंडळींची श्रद्धा होती. सुहासच्या कंपनीत नुकताच रंगीत स्कॅनर आला होता. पुस्तक गुपचूप न्यायचं, पानन् पान स्कॅन करायचं आणि छापील प्रत अक्कांच्या हातात ठेवून त्यांना चकित करायचं, असा त्यानं बेत केला. चकित करण्याचा भाग शंभर टक्के यशस्वी झाला. एका सकाळी प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक घालून तो गेला. ऑफिसात गेल्यावर कळलं की स्कॅनर वापरायला आधी साहेबांची सही लागते आणि साहेब अमेरिकेत आहेत. संध्याकाळी तो पुस्तक घेऊन बसमध्ये बसला, होसूर रोड लागायच्या आत झोपला, आपल्या स्टॉपवर कुणीतरी हलवल्यावर धडपडत उतरला, आणि पिशवी सीटवर राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं बसच्या ड्रायव्हरला, मंजुनाथला, विचारलं. मंजुनाथ म्हणाला, "इल्ला, सार." नाही. सुहासनं कंपनीच्या फलकावर सूचना लावली, सीटखाली वाकून पाहिलं, बसच्या ठेकेदाराकडे चकरा मारल्या. काहीच मिळालं नाही.

आम्ही दोघं खाली गेलो. अक्का दारात तांदूळ निवडत होत्या. मला रडू आवरेना, म्हणून सुहासनंच सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"बसमध्ये झोपला होतास?"

"हो, अक्का."

"बरं झालं. घरात एकाची तरी झोप पूर्ण होऊ दे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुम्ने रडू नको. असलं जुनं बुक कोण उचलतंय? ज्याच्या घरात पोर आहे तोच. दुसऱ्यानं सीटवर तसंच टाकलं असतं." सुम्ने म्हणजे उगीच. त्या सूप घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दुपारची झोपेची वेळ सोडली तर ते दार दिवसा कधी लागत नसे.

चार दिवसांनी मी त्यांची वाटी परत करायला गेले. दाराशी हाक मारायच्या आधी खिडकीतून आत नजर गेली. टेबलावर नवं सॅम्पल बुक उघडं होतं. अक्कांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं होतं आणि पेन पुठ्ठ्यावर टेकवलं होतं. रेघ सुटली ती कुठल्या कुठे गेली. शेजारी असे सात-आठ पुठ्ठे पडले होते. प्रत्येकावर बाबाची विजार तेवढी नीट होती, कारण ती कापडाची होती. बाकीचा बाबा कुठेच नव्हता. मी वाटी पायरीवर ठेवून वर पळाले. वीस वर्षांचं त्यांचं काम आमच्या हातून गेलं होतं आणि ते पुन्हा होणार नव्हतं, हे त्या क्षणी मला खरं खरं कळलं.

त्या दुपारी मी माझं पान काढलं. आता पुस्तकच नव्हतं, तेव्हा कुणी वाचेल ही भीतीही नव्हती. दुपारी तीनच्या सुमारास मुक्ता रोज रडायची. भूक नाही, ओलं नाही, ताप नाही, नुसतं रडणं. सासूबाई परत गेल्या होत्या, सुहास ऑफिसात. पहिल्यांदा मी तिला घेऊन येरझाऱ्या घातल्या. मग एका दुपारी तिला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर जाऊन दोन्ही कानांवर हात ठेवून बसले. मग रोजच बसायला लागले. तिथं बसून मी पुण्याच्या गाडीचा विचार करी. ऑटो केली तर स्टेशन किती लांब. मला तेव्हा माझी मुलगी नको असायची. हे मी आईला सांगितलं नव्हतं, सुहासला नाही, स्वतःलाही धड नाही. मी जिना काढला, तिसरी पायरी काढली, वर बंद दार, खाली अक्कांचं बंद दार, मध्ये कानांवर हात ठेवलेली बाई. गाऊनसाठी माझ्याच गाऊनचा खिसा कापला. खाली लिहिलं, 'आई बाहेर गेली आहे.'

अक्कांनी ते पान बराच वेळ हातात धरलं. पान थरथरत होतं. मला वाटलं, आता काहीतरी लागेलसं बोलणार.

"सरी," त्या म्हणाल्या. ठीक आहे. आणि ते कपाटात ठेवून दिलं.

त्यानंतर चार महिने गेले. अक्का रोज बाहेरच्या खुर्चीत बसत आणि आपण कुणाची वाट बघत नाही असं दाखवत. पोस्टमन आला की त्याला उगीच झापत. मुक्ता एके दिवशी रात्रभर झोपली. तिचं तिलाच सुचलं, आमच्यापैकी कुणाचंही त्यात कर्तृत्व नव्हतं.

आणि एका रविवारी सकाळी फाटकाशी ऑटो थांबली. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला मंजुनाथ उतरला, मागून बायको, तिच्या खांद्यावर बाळ. त्याच्या हातात आमची प्लास्टिकची पिशवी होती, धुऊन घडी घातलेली, आणि काखेत पुस्तक. ते के. आर. पुरमहून दोन बस आणि एक ऑटो करून आले होते.

"कूसु झोपलं, अम्मा," तो अक्कांना कानडीत म्हणाला. कूसु म्हणजे तान्हं मूल. "तीन रात्री बघितलं. पक्कं झोपतंय. म्हणून लिहिल्याप्रमाणे आणून दिलं."

सुहास वरून धावत खाली आला. "अहो, मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात!"

"तेव्हा झोपत नव्हतं, सार," मंजुनाथ म्हणाला. यात न समजण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा होता. नियम पुस्तकात लिहिला होता आणि त्यानं तो पाळला होता. आमच्या गल्लीतल्या शिकलेल्या लोकांनी तो इतका तंतोतंत कधी पाळला नव्हता. बँकेतल्या साहेबांना तर खरं पान आणायला तीन खेपा लागल्या होत्या.

अक्का त्याच्याशी बोलायच्या आधी त्याच्या बायकोसमोर उभ्या राहिल्या आणि तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग विचारलं, "पान?"

शेवटचा पुठ्ठा भरलेला होता. माझा. चित्र शाळेतल्या मुलानं काढल्यासारखं होतं. काडेपेटीसारखी बस, आणि प्रत्येक खिडकीत एक माणूस, मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून झोपलेला. सगळ्यांचे शर्ट पुस्तकातल्याच उंची कापडांचे बारीक तुकडे कापून केलेले. पुढे स्टिअरिंगवर ड्रायव्हर, त्याला आपल्या खाकी वर्दीचा तुकडा लावलेला आणि डोळे लाल शाईनं भरलेले. खाली कानडीत ओळ होती. अक्कांनी ती आमच्यासाठी मराठीत वाचली, "मीही झोपलो तर?"

सुहास दुसऱ्या खिडकीतल्या माणसाकडे बघत होता. निळ्या चौकड्यांचा तुकडा होता, आणि त्याच्याकडे तसाच शर्ट होता. तो चारही महिने त्याच बसमध्ये, त्याच तोंडानं झोपला होता.

"खरं?" अक्कांनी विचारलं.

"खरं, अम्मा. घरी झोप नाही, पहाटे गाडी काढायची. एकदा रस्ता सोडून खाली उतरलो होतो. मागे कुणी जागं झालं नाही. मग हे बुक मिळालं. पुढे काचेशी ठेवत होतो. सिग्नल लागला की एक पान. हसलं की झोप जातेय."

अक्का हसायला लागल्या. मी त्यांना तोंड भरून हसताना पाहिलं ते तेवढंच. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, मंजुनाथच्या बायकोला खुर्चीत बसवलं, तिचं बाळ अण्णांच्या हातात कोंबलं, आणि अण्णा चाळीस वर्षं कापड विकूनही इतके घाबरलेले कधी दिसले नव्हते.

मग त्या मला म्हणाल्या, "कपाटात तुझं पान आहे, आण. मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटव. माझ्या हातानं वाकडं होईल."

मी कपाटातून पान काढलं आणि तिथंच उभी राहिले. माझा जिना होता, तिसरी पायरी होती, कानांवर हात ठेवलेली बाई होती. पण खालचं दार आता बंद नव्हतं. थरथरत्या, तुटक, दहा ठिकाणी हुकलेल्या रेघांनी कुणीतरी ते बोटभर उघडलं होतं. फटीत एक डोळा होता आणि जांभळ्या काठाचा कापडाचा एक तुकडा. अक्कांच्या साडीचा काठ जांभळा असे. माझी ओळ खोडलेली होती. तिच्याखाली लेकराच्या हातासारखी वाकडी अक्षरं होती, 'पोर मी ऐकतेय. तू बस.'

म्हणजे रोज दुपारी तीन वाजता त्या दाराआड उभ्या असायच्या. मी जायची नाही याची, किंवा गेलेच तर वर जायला कुणीतरी हवं याची, त्या तजवीज करत होत्या. मला लाज वाटली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला लाज वाटली नाही. मी बाहेर आले तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, "गोंद नीट लाव. आणि सुकू दे."

पुस्तक त्या दिवशी भरलं. गोंद सुकला तसं अक्कांनी ते मंजुनाथकडेच दिलं. त्याच्या बसच्या ठेकेदाराकडे आणखी बरेच ड्रायव्हर होते आणि त्यांच्या घरी पाळणे हलत होते. "पान भरायला जागा नाही, अम्मा," तो म्हणाला. "मग नुसतं झोपा," अक्का म्हणाल्या. सुहास दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायला लागला आणि त्याच्याशी मोडक्या कानडीत बोलत जायला लागला. कानडी सुधारली नाही, पण जागा राहिला.

पुढच्या वर्षी सुहासनं पुण्यातली नोकरी धरली. सामानाचा ट्रक सकाळीच गेला. निघताना मी खाली दार वाजवलं. अण्णा बाहेर आले, त्यांनी मुक्ताला फ्रॉकचं कापड दिलं. अक्का आल्या नाहीत. आतून आवाज आला, "निरोपबिरोप मला जमत नाही. जा की, गाडी चुकेल."

आम्ही फाटकाशी आलो आणि मुक्ता रडायला लागली. भूक नाही, ओलं नाही, नुसतं रडणं. मी तिला खांद्यावर टाकून थोपटत मागे वळले. जिना रिकामा होता. खालचं दार बोटभर उघडं होतं.